मुस्तफा, मेमरी कार्ड आणि आबांचं भजन

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत, कारण ते मोजले तेव्हा माझी मलाच लाज वाटली.)

कानात इअरफोन, खिशात मोबाईल, आणि तुम्ही एसटीत, होस्टेलवर नाहीतर ऑफिसातून घरी जाताना ऐकताय असं मी धरून चालतो. आजचा भाग दोन गोष्टींवर आहे. एक म्हणजे जुने व्हिडिओ गेम, रुपया टाकून खेळायचे ते. दुसरी म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ डाउनलोड करायची टूल्स. तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? माझ्या गावात, परंड्यात, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच दुकानात झाल्या. त्या माणसामुळे आमच्या घरची एक गोष्ट वाचली. अर्धी वाचली म्हणा. ती अर्धी का वाचली, तेच आज सांगायचंय.

रुपयाचा गेम

मी शाळेत असताना गावात एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, आत तीन मशीन, आणि दाराला पडदा, कारण उन्हात स्क्रीन दिसायचा नाही. दुकान चालवणाऱ्यांना आम्ही सगळे ‘गेमवाले मामा’ म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

रुपया टाकायचा, दांडी पकडायची आणि बटणं बडवायची. लोडशेडिंगचे दिवस होते ते. शेवटच्या राक्षसापर्यंत पोचावं आणि लाईट जावी! मग पोरं मामांच्या मागं लागायची, ‘मामा, माझा रुपया.’ मामा म्हणायचे, ‘लाईट मी घालवली का? जा एमएसईबीला माग.’ पण लाईट आली की गुपचूप एक डाव फुकट द्यायचे.

आमचा गेम एकच, ‘मुस्तफा’. डायनोसॉर, गुंड, फोडायची पिंपं, पिंपातून निघणारं खाणं, आणि एका टप्प्यात चक्क मोटार चालवायची. तिघं एकत्र खेळू शकायचे. चार पात्रांमधला मुस्तफा सगळ्यात चपळ, त्यामुळं तो कुणाला मिळणार यावरून भांडणं व्हायची. गेमचं नावच मुस्तफा आहे असं आम्हाला वाटायचं. मजा म्हणजे भारतभर कुठल्याही गावातल्या माझ्या वयाच्या माणसाला विचारा, तोही ‘मुस्तफा’च म्हणेल.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलवर एकाच्या लॅपटॉपवर मला तो गेम दिसला. वर नाव होतं ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम नावाच्या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला. आणि तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला होता. मार्क शुल्ट्झ नावाच्या चित्रकाराचं ‘झेनोझोइक टेल्स’. मुस्तफाचं पूर्ण नाव मुस्तफा कैरो. दहा वर्षं जो गेम खेळलो, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. कुणी काढला, कुठल्या गोष्टीवरून काढला, काहीच माहीत नव्हतं.

ही माझी एकट्याची गंमत नाही. त्या काळात गावोगावी पोचलेले बरेच बोर्ड मूळ कंपनीचे नसायचे. मूळ बोर्डातल्या चिप वाचायच्या, तसाच दुसरा स्वस्तातला बोर्ड बनवायचा आणि विकायचा. याला जगभर ‘बूटलेग’ म्हणतात. अशा नकलांमध्ये कधी गेमचं नाव बदललेलं असायचं, कधी कंपनीची ओळच उडवलेली असायची. मामांच्या मशीनमधला बोर्ड कुठला होता, देव जाणे. पण आमच्यापर्यंत गेम आला आणि नाव वाटेतच गळालं, हे खरं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मशीनची नक्कल

आता होस्टेलच्या त्या लॅपटॉपवर हा गेम आला कसा? तर ‘मेम’मुळं. एम-ए-एम-ई, मेम. आपलं व्हॉट्सॲपवरचं मीम नव्हे. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन प्रोग्रामरनं याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ मध्ये काढली. सुरुवात पॅक-मॅन आणि त्याच्या भावंडांपासून झाली. नंतर जगभरचे लोक त्यात आले, आणि आज त्यात हजारो मशीन आहेत.

मेम काय करतं हे नीट समजून घ्या, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मेममध्ये गेम नसतो. मेम मशीनची नक्कल करतं. जुन्या मशीनमध्ये एक बोर्ड असायचा, त्यावर एक प्रोसेसर आणि चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. मुस्तफाच्या मूळ बोर्डात मोटोरोला ६८००० नावाचा मुख्य प्रोसेसर आणि आवाजासाठी वेगळा झेड-८० होता. मेम तुमच्या लॅपटॉपला सांगतं, की तू आता हे दोन प्रोसेसर आहेस असं समज, आणि त्यांच्याच तालावर चाल. मग त्याला चिपमधला प्रोग्राम द्यायचा. त्या फाईलला ‘रॉम’ म्हणतात.

तालावर का? त्याचं एक झकास उदाहरण सांगतो. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८, टायटो कंपनी, बनवणारे तोमोहिरो निशिकादो. वरून परग्रहवासी खाली येतात आणि आपण त्यांना गोळ्या घालतो. जसजसे ते मरत जातात तसतसे उरलेले जोरात पळायला लागतात. सगळ्यांना वाटलं, काय भारी कल्पना! प्रत्यक्षात झालं असं, की प्रोसेसर मंद होता. स्क्रीनवर जितकी जास्त चित्रं तितका त्याला वेळ जास्त. चित्रं कमी झाली की तो आपोआप वेगात चालायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. म्हणजे बघा, मशीनची कमजोरी हाच गेमचा जीव झाला. आता हा गेम आजच्या मोबाईलच्या वेगानं पळवला तर खेळायला काही उरणारच नाही. म्हणून नक्कल करताना मशीनचा मंदपणासुद्धा जसाच्या तसा उतरवावा लागतो.

आणि चुका पण! पॅक-मॅन, १९८०, नामको, तोरू इवातानी. त्याचा पूर्ण प्रोग्राम १६ केबीचा. तुमच्या मावशीनं पाठवलेला एक गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यात लेव्हल मोजायला फक्त आठ बिट ठेवलेले, म्हणजे शून्य ते २५५. २५६ व्या लेव्हलला आकडा घसरतो आणि अर्ध्या स्क्रीनवर नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. पुढं जाताच येत नाही. मेममध्ये ही चूकही अगदी तशीच दिसते. कुणी दुरुस्त करायला गेलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

बरं, एवढा खटाटोप कशाला? तर हे बोर्ड मरतात. कॅपकॉमच्याच पुढच्या पिढीच्या बोर्डात, सीपीएस-२ मध्ये, नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्राम कुलूपबंद केलेला होता, आणि कुलपाची किल्ली एका बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि गेम कायमचा बंद. मशीनचे पैसे देऊन घेणाऱ्याचाही बंद. लोक त्याला ‘सुसाइड बॅटरी’ म्हणतात. पुढं २००७ मध्ये साल्मोरिया आणि अँड्रियास नाइव्ह नाव घेणाऱ्या एकानं मिळून ते कुलूप कसं चालतं हे पूर्ण उलगडलं. तोवर किती बोर्ड भंगारात गेले असतील, विचार करा.

आणि आकडा हवा असेल तर घ्या. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास छापला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. पैसे द्यायची तयारी असली तरी मिळत नाहीत.

पण मेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे त्याची यादी. प्रत्येक गेमपुढं पूर्ण नाव, साल, कंपनी, कुठल्या देशासाठीची आवृत्ती, आणि तो बूटलेग असेल तर ‘बूटलेग’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चोरीची नक्कलही जपून ठेवतात, पण चोरीची म्हणूनच. मुस्तफाला त्याचं नाव मला त्या यादीनं परत दिलं.

गाणी भरून मिळतील

आता परत परंड्याला येऊ. मी दहावीच्या आसपास असेन, तेव्हा मामांचं दुकान बदललं. रुपयाचा गेम कुणी खेळेना. घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले होते, कॅसेट टाकायचे, मग मोबाईल आले. मामांनी तिन्ही मशीन भंगारवाल्याला विकली. ती वजनावर गेली. लाकडी खोकं वेगळं, पिक्चर ट्यूब वेगळी, बोर्ड वेगळा.

त्याच शेडमध्ये त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि बाहेर पाटी लावली, ‘रिचार्ज, झेरॉक्स, मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. तुमच्यापैकी जे २००५ नंतर जन्मले त्यांना हे सांगावं लागेल. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याच्या आधी गावात नेट म्हणजे सोन्याच्या भावाची चीज. मग लोक काय करायचे? मेमरी कार्ड घेऊन दुकानात जायचे. ‘मामा, दहा रुपयाचं भरा. लोकगीतं टाका, दोन पिक्चर टाका, आन् म्हाताऱ्यासाठी भजनं टाका.’ मामा रात्री लाईट आणि नेट दोन्ही असेल तेव्हा व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि दिवसा वाटायचे. अख्ख्या गावाचा सर्व्हर म्हणजे ते शेड होतं.

गंमत बघा, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या डाउनलोड टूलची गोष्ट याहून फार वेगळी नाही. यूट्यूब-डीएल. रिकार्डो गार्सिया नावाच्या स्पॅनिश माणसानं २००६ मध्ये ते लिहिलं. का? तर तेव्हा तो ५६ के मोडेमवर होता, टेलिफोनच्या तारेवरचं मंद नेट. व्हिडिओ थेट बघणं शक्यच नव्हतं. आधी उतरवायचा, मग बघायचा. म्हणजे परंड्यात आणि त्याच्या गावात अडचण तीच होती.

हे टूल करतं काय? तुम्हाला वाटतं यूट्यूबवरचा व्हिडिओ ही एक फाईल आहे. तसं नसतं. एकाच व्हिडिओच्या अनेक प्रती असतात, १४४पी पासून वरपर्यंत. चित्र वेगळं, आवाज वेगळा. आणि बऱ्याचदा प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले. कुठला तुकडा कुठं आहे याची एक यादी असते. तुमचं ॲप ती यादी वाचतं, नेट कसं आहे ते बघतं आणि एकेक तुकडा मागवतं. म्हणून नेट ढेपाळलं की चित्र मध्येच पुसट होतं, पण थांबत नाही. डाउनलोडर हेच करतो, फक्त तुकडे दाखवून फेकून देण्याऐवजी ठेवून घेतो. शेवटी एफएफएमपेग नावाचं दुसरं टूल चित्र आणि आवाज जोडून एक फाईल बनवतं. म्हणजे जे तुमच्या मोबाईलमध्ये तसंही येतच होतं, ते आता टिकतं. एवढाच फरक.

हा ‘एवढाच फरक’ काही लोकांना फार मोठा वाटतो. २३ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं नोटीस दिली आणि गिटहबनं यूट्यूब-डीएल काढून टाकलं. जगभरातले डेव्हलपर चिडले. ईएफएफ या संस्थेच्या वकिलांनी बाजू मांडली, की हे टूल कुलूप तोडत नाही, ब्राउझर जे करतो तेच करतं. १६ नोव्हेंबरला गिटहबनं ते परत ठेवलं. नंतर त्याचीच एक शाखा निघाली, वायटी-डीएलपी. आज जास्त करून तेच वापरतात.

आणि ते वापरणारे सगळे फुकटे नसतात. सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीत उडाले. बॉम्ब पडतानाचे, दवाखान्यांवरच्या हल्ल्यांचे. पुरावे होते ते. ‘सीरियन आर्काइव्ह’ नावाच्या गटानं त्यातले बरेच आधीच उतरवून ठेवले होते, म्हणून ते राहिले.

हा व्हिडिओ उपलब्ध नाही

आता आमच्या घरची गोष्ट.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, भजन म्हणायचे. परंडा तालुक्यात डोमगाव आहे, सीना नदीच्या काठी. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी, त्यांची समाधी तिथं आहे. आबा तिथं भजनाला जायचे. २०१३ च्या सुमारास शेजारच्या गावातल्या एका पोरानं तिथलं आबांचं एक भजन शूट करून यूट्यूबवर टाकलं. चांगला कॅमेरा होता त्याच्याकडं, चित्र स्वच्छ होतं. आबांना लै अप्रूप. कुणी पाहुणा आला की मला हाक, ‘अरे, ते माझं यूट्यूब लाव की.’ यूट्यूब म्हणजे तो एकच व्हिडिओ, असंच त्यांच्या लेखी होतं.

२०१९ ला आबा गेले. पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध लॉकडाउनमध्ये आलं. घरातलीच पाच-सहा माणसं. मी पुण्याहून कसाबसा पोचलेलो. जेवणं झाली आणि आई म्हणाली, ‘आबांचं ते भजन लाव रे.’ मी लिंक उघडली. काळा स्क्रीन आणि एक ओळ. ‘हा व्हिडिओ उपलब्ध नाही.’

त्या पोराला फोन लावला. तो बिचारा ओशाळला. त्यानं चॅनल मोबाईल गेमचं केलं होतं आणि ‘जुना माल’ सगळा काढून टाकला होता. मूळ शूटिंग? ‘भाऊ, ते कार्ड कधीच फॉरमॅट मारलं.’ त्याची काय चूक? चॅनल त्याचं, व्हिडिओ त्याचा.

चूक माझी होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एका ओळीची कमांड मला तोंडपाठ. सहा-सात वर्षं तो व्हिडिओ तिथं होता आणि मी एकदाही उतरवला नाही. का? तर ‘आहेच की यूट्यूबवर’. आई काही बोलली नाही. ‘असू दे,’ म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. ते ‘असू दे’ मला अजून ऐकू येतं.

दोन दिवसांनी रस्त्यात गेमवाले मामा भेटले. मास्कमधून म्हणाले, ‘काय करायलास इंजिनेर? घरीच का सध्या?’ बोलता बोलता मी हे सांगितलं. मामा क्षणभर थांबले. म्हणाले, ‘डोमगावचं का? त्ये म्हाताऱ्या माणसांना लै लागायचं. बघू दे, असंल हार्ड डिस्कमधी.’

शेडचं कुलूप काढलं, धूळ झटकली, कॉम्प्युटर चालू व्हायलाच दहा मिनिटं. आत फोल्डर, ‘डीजे’, ‘लोकगीत’, ‘भजन १’, ‘भजन २’, ‘भजन नवीन’. एकेक उघडत गेलो. ‘भजन २’ मध्ये एक फाईल होती, नाव ‘डोमगाव नवीन ००७’. उघडली. आबा.

३जीपी फाईल, बटणाच्या फोनसाठी बारीक केलेली. १७६ बाय १४४. मोठ्या स्क्रीनवर चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतात. आवाज डब्यातून आल्यासारखा. पण आबाच. मधे एकदा खोकतात, शेजारच्याकडं बघून हसतात आणि परत सूर धरतात. ते सगळं आहे.

मी पेन ड्राइव्हमध्ये घेतलं. मामांना पैसे विचारले तर चिडले. मग जरा वेळानं स्वतःच म्हणाले, ‘तुला एक विचारू का? ह्याला चोरी म्हणतेत ना? आमी जे भरून द्यायचो त्ये?’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पिक्चर दहा रुपयाला भरून देणं, ती चोरीच, त्यात वाद नाही. पण आबांची ती फाईल? तिच्यामुळंच तर आबा राहिले.

घरी येऊन आईला दाखवलं. ती रडली वगैरे, ते मी सांगत नाही. पण नंतर तिनं जे विचारलं ते सांगतो. ‘यात आबांचं नाव कुठंय?’

नव्हतंच. मूळ व्हिडिओखाली त्या पोरानं सगळं लिहिलं होतं. कुठला कार्यक्रम, कुणी म्हटलं, पखवाजावर कोण, टाळकरी कोण. मामांच्या फाईलीत ‘डोमगाव नवीन ००७’ एवढंच. पखवाज कोण वाजवतंय हे आज आमच्या घरात कुणाला आठवत नाही. मुस्तफाचं जे झालं होतं तेच आबांचं झालं. माल पोचला, नाव गळालं. आणि माझ्या आबांसाठी कुणी मेमसारखी यादी करून ठेवलेली नव्हती.

मग करायचं काय

म्हणून आता कामाचं बोलू. थोडक्यात सांगतो, लिहून घ्या.

पहिलं. तुमचा स्वतःचा चॅनल असेल तर टूल-बिल काही लागत नाही. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचे व्हिडिओ एमपी४ मध्ये उतरवता येतात. सगळे एकदम हवे असतील तर गूगल टेकआउट. आज रात्री वायफायवर लावून झोपा.

दुसरं. दुसऱ्याचा व्हिडिओ असेल, पण त्यात तुमचं माणूस असेल, तर आधी फोन करा. ‘दादा, मूळ फाईल आहे का?’ मूळ फाईल मिळाली तर डाउनलोडरपेक्षा लाखपट चांगली. नसेल तर उतरवून घेऊ का विचारा. नाही कोण म्हणतंय?

तिसरं. डाउनलोड करताना माहितीही उतरवा. वायटी-डीएलपीमध्ये शीर्षक, वर्णन, चॅनलचं नाव, तारीख वेगळ्या फाईलीत साठवायची सोय आहे. ते जमत नसेल तर स्क्रीनशॉट काढा. तेही नको असेल तर फाईलचं नाव तरी नीट द्या. नाव, गाव, साल. ‘व्हीआयडी २०१३’ असलं नाव ठेवू नका, हात जोडतो.

चौथं. गूगलवर ‘व्हिडिओ डाउनलोडर’ मारलं की ज्या साइट येतात, त्यात हिरवी बटणं चार असतात आणि खरं एक. उरलेली तीन भलतंच काहीतरी गळ्यात मारतात. प्ले स्टोअरच्या बाहेरची एपीके टाकताना व्हिडिओ उतरवणारं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल, तर दोन सेकंद विचार करा. त्याला तुमच्या ओटीपीशी काय करायचंय?

पाचवं, कायदा. मी वकील नाही, कायद्यात लिहिलंय तेवढंच सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे, पण त्यातून कॉम्प्युटर प्रोग्राम वगळलेत. गेम हा प्रोग्राम. प्रोग्रामसाठी वेगळी तरतूद आहे, ज्याच्याकडं कायदेशीर प्रत आहे तो बॅकअप घेऊ शकतो. म्हणजे नेटवरून पाचशे रॉम ओढले तर ते यात बसत नाहीत. शिवाय यूट्यूबच्या अटी वेगळ्या आहेत. त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय किंवा परवानगीशिवाय उतरवणं त्यांना मान्य नाही. आणि ॲपमधलं ते ‘डाउनलोड’चं बटण दाबलं की फाईल तुमची होत नाही. ती ॲपच्या आतच राहते, आणि मूळ व्हिडिओ गेला की तीही जाते.

मेम फुकटात आणि कायदेशीर बघायचं असेल तर मेमच्या साइटवरच काही गेम मालकांच्या परवानगीनं ठेवलेत, रॉबी रोटो, ग्रिडली वगैरे. आणि ब्राउझरमध्येच खेळून बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हनं २०१४ मध्ये ‘इंटरनेट आर्केड’ सुरू केलंय, तिथं शेकडो जुने गेम आहेत.

सहावं. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक घराबाहेर. मोबाईल, हार्ड डिस्क आणि क्लाउड. किंवा तिसरी प्रत आत्याच्या घरी. आत्या क्लाउडपेक्षा भरवशाची असते.

आणि हे सगळं ‘बघू नंतर’ म्हणून सोडू नका. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली, त्यात टिकटॉक होतं. किती गावांतल्या किती म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे, शेतातले, लग्नातले व्हिडिओ एका रात्रीत हाताबाहेर गेले. बंदी बरोबर की चूक, हा वेगळा विषय. आपली प्रत आपल्याकडं नव्हती, हा आपला विषय.

जाता जाता

परंड्याचा किल्ला बघितलाय का? नसेल तर या. विजापूरच्या बुरुजावर जी प्रचंड तोफ आहे, मुलूख-ए-मैदान, ती एके काळी आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेलेली. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली म्हणतात. बोली लागली १५० रुपयांची. सौदा रद्द झाला म्हणून तोफ वाचली. नाहीतर तीही मामांच्या मशीनसारखी वजनावर गेली असती.

पण त्या तोफेवर ती ओतणाऱ्या रुमी नावाच्या कारागिराचं नाव कोरलेलं आहे. पावणेपाचशे वर्षं झाली. तोफ गाव बदलून गेली, राज्य बदललं, तरी ती कुणी केली हे आपल्याला माहीत आहे.

आबांच्या फाईलीचं नाव मी बदललंय. आता त्यात आबांचं नाव आहे, डोमगाव आहे, आणि अंदाजे साल. पखवाजवाल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलंय. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मामा आणि मी मिळून ती जुनी हार्ड डिस्क उघडून बसलो. पिक्चर आणि डीजे बाजूला ठेवले. फक्त गावातल्या, तालुक्यातल्या माणसांची भजनं, भारुडं, जागरण-गोंधळ घेतलं. एकेक फाईल लावायची, मामा आवाजावरून ओळखायचे, ‘ह्यो अमक्याचा चुलता’, ‘ही तमक्याची आई’, आणि मी लिहून घ्यायचो. दोन दिवसांत ६३ फाईली झाल्या. त्यातल्या २२ जणांची नावं लागली. जे लागले त्यांच्या घरी मामा स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन जातात. पैसे घेत नाहीत. ‘चोरीचं फेडतोय,’ म्हणतात आणि हसतात.

तुमच्याकडंही असा एखादा मामा असेल, असं एखादं शेड असेल. हार्ड डिस्क बंद पडायच्या आत तिथं जाऊन या. आणि मुस्तफा कोण घ्यायचं, ते कमेंटमध्ये सांगा. मी हॅना घेत नाही, आधीच सांगतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि फाईलींना नावं द्या.